जिचा आहे तिलाच शोभतो

उम्म सिनानच्या घरी जायचं तर डोळे खाली ठेवून बसावं. पडद्याकडे बघून चुकून 'छान आहेत हो' म्हणालात, तर चहा निवायच्या आत पडदे तुमच्या काखेत आणि तुम्ही पायऱ्या उतरताय, असं व्हायचं.

तसं पाहिलं तर जॉर्डनमधल्या आमच्या सल्त गावात कुणी कुणाची वस्तू वाखाणली की मालक 'मुकद्दम' म्हणतोच. म्हणजे घ्या, ही आता तुमची. त्यावर समोरच्यानं लगेच म्हणायचं, 'नको नको, जिची आहे तिलाच शोभते.' इथं विषय संपतो. वस्तू जागची हलत नाही आणि दोघांचंही मन राहतं. उम्म सिनानची अडचण एवढीच, की ती 'मुकद्दम' मनापासून म्हणते. समोरचा नको म्हणाला की तिला वाटतं, बिचारा संकोचतोय. मग ती वस्तू पिशवीत घालते, पिशवी हातात कोंबते, आणि पाहुणा पिशवी दारात ठेवून पळाला तर चपला न घालता त्याच्यामागे धावते.

असा तिचा हिवाळी कोट बसमधल्या एका अनोळखी बाईच्या अंगावर गेला. लग्नातला आरसा गेला, शिवणयंत्र गेलं, एकदा तर चुलीवरचं भांडं आतल्या भातासकट गेलं आणि घरच्यांनी त्या दिवशी दह्याशी नुसता खुबुस पाव खाल्ला. तिचा नवरा अबू सिनान नगरपालिकेच्या पाण्याचा टँकर चालवायचा. अरुंद चढावर उलटा टँकर घेऊ शकणारा माणूस, पण बायकोपुढे त्याचं काही चाललं नाही. शेवटी त्यानं आपल्यापुरता उपाय काढला. नवी किटली आणली की तो ती दुकानाबाहेरच्या दगडावर एकदा आपटायचा आणि पोचा पडला की घरी न्यायचा. पोचा पडलेल्या किटलीला कोण छान म्हणतंय?

एक गोष्ट मात्र कुणाला देता न येणारी अशी उम्म सिनानपाशी होती, ती म्हणजे तिचे हात. आमच्या टेकडीच्या उतारावर मूल जन्मलं की बाळाची आजी आधी तिला बोलावणं धाडते. कोमट पाणी, ऑलिव्हचं तेल, चिमूटभर मीठ. बाळाला तळहातावर पालथं घेऊन ती असं काही चोळते की रडून लालबुंद झालेलं पोर जांभई देतं. मग पांढऱ्या फडक्यात तिची ती घट्ट गुंडाळी. या उतारावरचे आज दाढ्या आलेले कितीतरी पुरुष एके काळी तिच्या हातून पुडीसारखे बांधून निघालेत, आणि भर बाजारात त्यांना ते ऐकवायला ती कमी करत नाही.

तर तिची लेक लुजैन लग्न होऊन जर्मनीत गेली, डॉर्टमुंडला. जाण्याआधी तिनं आईला फोनच्या दुकानात नेलं आणि आईच्या नावावर चांगलासा फोन घेऊन दिला. फोन कंपनीचा, हप्ता महिन्याच्या बिलात, आणि दोन वर्षं लाइन सोडायची नाही, अशी बांधिलकी. अबू सिनाननं त्या फोनला स्वतःच्या जुन्या पाकिटाचं कातडं शिवून घातलं. दिसायला वाळलेल्या पावासारखा. कुणी वाखाणेल अशी भीतीच नव्हती.

पण ईदच्या दिवशी उम्म सिनाननं फोन पुसायला म्हणून ते कातडं काढलं, आणि तेवढ्यात दारात हाज्जा फिक्रिय्या उभ्या.

हाज्जा फिक्रिय्या म्हणजे अबू सिनानची थोरली बहीण. उताराच्या अगदी पायथ्याला एकटीच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. लुजैन लहानपणी शाळेतून सुटली की आधी आत्याकडे जेवायची आणि मग पायऱ्या चढून घरी यायची. तर या हाज्जांना सगळे दबकून असायचे, कारण साऱ्या सल्तमध्ये 'मुकद्दम'चं दुसरं अर्धं ठाऊक नसलेल्या त्या एकट्याच. की ठाऊक होतं आणि वापरायच्या नाहीत, ते त्यांचं त्यांना माहीत.

"काय सुरेख फोन आहे ग," त्या म्हणाल्या.

"मुकद्दम," उम्म सिनान म्हणाली.

"अल्लाह तुला आणखी देवो," असं म्हणून हाज्जांनी तिला आतलं नंबराचं कार्ड तेवढं काढून घ्यायला लावलं, फोन पिशवीत टाकला, मामूलचा, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या बिस्किटाचा, एक तुकडा खाल्ला आणि कसला रवा वापरलास म्हणून चौकशी केली.

त्या संध्याकाळी उम्म सिनाननं सिनानचा टाकून दिलेला फोन पेटीतून काढला आणि ते कार्ड त्यात घातलं. सिनान तिचा मुलगा, अकाबाच्या बंदरात नोकरीला, त्याचा हा कॉलेजातला फोन. बोलणं ऐकू यायचं, पण चित्र लागलं की लुजैनचं तोंड हिरव्या-करड्या चौकोनांत फुटायचं. एक डोळा इथं, हनुवटी तिथं, भिंतीवरच्या उखडलेल्या फरशीसारखं. चांगला फोन पडला आणि फुटला, असं तिनं दुसऱ्या दिवशी लेकीला सांगून टाकलं. लुजैन नुसतं 'बरं, यम्मा' म्हणाली. एवढंच. आईला ते जरा विचित्र वाटलं, कारण एरवी लुजैन फुटकी बशीही विसरत नसे.

पुढे लुजैनला दिवस गेल्याचं कळलं आणि उम्म सिनानच्या जिवाला घोर लागला. तिकडे जायला व्हिसा मिळाला नाही. लेकीचे पाय सुजलेत का, चेहरा उतरलाय का, हे आईनं हिरव्या चौकोनांत कसं बघायचं? आवाजावरून म्हणे कळतं. पण लुजैन लहानपणापासून खोटं बोलताना आवाज गोड करणारी. एकदा शेजारणीच्या फोनवरून लावून बघितलं, तर शेजारीण, तिच्या दोन सुना आणि सासू अशा सगळ्या चौकटीत घुसल्या. एकीनं खजूर खा म्हटलं, दुसरीनं खाऊ नको म्हटलं, आणि उम्म सिनानला लेकीच्या फक्त कपाळाची कड दिसली.

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच होती. अख्ख्या उताराची पोरं तिच्या तळहातावरून गेली, आणि आता तिचं स्वतःचं नातवंड? लुजैनला तर उशीच्या अभ्र्यात उशी सरळ घालता येत नव्हती. ती बाळ धरणार कसं, मान सांभाळणार कशी, हे काय बोलून शिकवता येतं? ते हातांनी दाखवायचं असतं, आणि तिचे हात बघायचे असतात. दुसऱ्या मुलखातली परकी दाई बाळाला नळाखाली धरतेय, असं स्वप्न तिला पडायला लागलं.

शेवटी ती फोनच्या दुकानात गेली. तिथं बसणारी मुलगी रनीम. तिलाही जन्मल्यावर उम्म सिनाननंच गुंडाळलं होतं, आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिनं ते सांगितलंही. रनीमनं लाजत लाजत लाइन तपासली. बांधिलकी संपायला अजून सगळा हिवाळा जायचाय, ती म्हणाली. त्याआधी नवा फोन हवा असेल तर एकच वाट आहे. कंपनीनं दिला होता तोच फोन परत आणायचा, चालू, काच न तडकलेला. मग बदल्यात नवा मिळतो आणि बांधिलकी पुन्हा पहिल्यापासून.

उम्म सिनाननं पिशवीतून सिनानचा फोन काढून ठेवला. हा नाही, रनीम म्हणाली. तसलाच दुसरा आणला तर? तसलाही नाही, तोच. आतला नंबर जुळावा लागतो.

"हरवलाय का मावशी?"

"हरवायला काय झालं. आहे. माणसात आहे."

"मग घेऊन या."

"पोरी, तू कुणाची ग? दिलेली वस्तू परत आणायची रीत आहे का आपल्यात?"

"आपल्यात नाही," रनीम म्हणाली. "पण कंपनी सल्तची नाहीये ना."

उम्म सिनान पायऱ्या चढत घरी आली ती मनाशी हिशेब करतच. दिलेलं परत मागणं म्हणजे चोरीपेक्षा वाईट. चोर निदान तोंड लपवतो. पण मागितलं नाही आणि तरी मिळालं, तर? हाज्जांच्या घरी जायचं, फोन वाखाणायचा, त्या 'मुकद्दम' म्हणतील, की घ्यायचा. रीत ती रीत. हाज्जा आयुष्यभर दुसऱ्यांवर हेच करत आल्यात, एकदा उलटं झालं तर आभाळ कोसळत नाही.

दुसऱ्या दिवशी ती उतार उतरून गेली. फोन मेजावरच होता, वर गाठ मारलेल्या विणलेल्या पिशवीत. मरमिय्याचा पाला घातलेला चहा झाला, गुडघ्यांची विचारपूस झाली. मग तिनं घसा खाकरला आणि म्हणाली, हाज्जा, फोन किती नीट ठेवलाय हो, अगदी नव्यासारखा.

हाज्जांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"मुकद्दम," त्या म्हणाल्या.

"नको नको," उम्म सिनान म्हणाली, "जिचा आहे तिलाच शोभतो."

शब्द बाहेर पडल्यावर तिचे तिलाच ऐकू आले. सगळ्या जन्माची सवय. कुणी 'मुकद्दम' म्हणालं की तिची जीभ तिला न विचारताच चालू पडायची. हाज्जा मान हलवून म्हणाल्या, तुझी मर्जी. घरी येताना प्रत्येक पायरीवर ती स्वतःच्या तोंडावर चापट मारत होती, आणि वाटेत भेटलेल्या दोघींना वाटलं, डास फार झालेत.

मग नवऱ्याला सांगणं भाग पडलं. अबू सिनाननं सगळं ऐकलं, फोन गेल्याचं आपल्याला ईदपासून माहीत होतं असं शांतपणे सांगितलं, आणि बरोबर यायला तयार झाला. बेत असा ठरला की ती वाखाणणार आणि तोंड मिटून बसणार, हाज्जांनी 'मुकद्दम' म्हटलं की 'बरं' तो म्हणणार. एकच शब्द. टँकरवाल्याला जमायला हरकत नव्हती.

पण या माणसाला थोरल्या बहिणीनं लहानपणी झाडूनं बडवलेलं होतं. हाज्जा समोर बसल्या, त्यांनी नुसतं 'काय रे' म्हटलं, आणि त्याच्या कपाळाला घाम आला. बायकोनं तोंड उघडायच्या आतच तो हातातल्या कपाकडे बघून म्हणाला, "कप छान आहेत."

"मुकद्दम," हाज्जा म्हणाल्या.

"बरं," अबू सिनान म्हणाला.

दोघं कप घेऊन घरी आली. धुवायला काढल्यावर उम्म सिनाननं बुडाशी बघितलं तर ते तिचेच होते, फार वर्षांपूर्वी हाज्जांनी वाखाणलेले. त्या रात्री अबू सिनाननं त्यातल्याच एका कपात कॉफी प्यायली आणि निदान हे तरी परत आले, असं तो म्हणाला.

दिवस भरत आले. लुजैनचा आवाज फारच गोड व्हायला लागला, म्हणजे काहीतरी दुखत असणार. उम्म सिनानला जेवण जाईना. शुक्रवारी ती एकटीच निघाली. या वेळी रीत नाही, बेत नाही. पाया पडू, नाही तर भांडू, एवढंच ठरवून.

हाज्जांनी मामूलची थाळी पुढे ठेवली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात मेजावरची विणलेली पिशवी थरथरायला लागली. फोन वाजत होता. दुसऱ्याचा फोन उचलू नये, पण गाठ सैल होती. तिनं उचलला, आणि काचेवर लुजैन. अख्खी. दोन डोळे, नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी. गाल भरलेले, डोळ्यांखाली थोडं काळं, केस सैल बांधलेले.

"आत्या, आज तर पाय—" असं म्हणता म्हणता लुजैन थांबली. "यम्मा?"

हाज्जा दारात किटली घेऊन उभ्या होत्या.

मग दोघींनी मिळून तिला सांगितलं, अर्धं इकडून, अर्धं तिकडून. ईदच्याच रात्री लुजैननं आईला फोन लावला होता. नंबर सिनानच्या फोनात गेला असला तरी चित्राच्या गप्पांचं खातं याच फोनात राहिलं होतं. समोर आली आत्या. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, पडला, फुटला. लेक म्हणाली, बरं. तेव्हापासून दर शुक्रवारी आत्या-भाचीच्या गप्पा चालू होत्या.

"मला चौकोन," उम्म सिनान म्हणाली, "आणि यांना अख्खी पोर."

"तू खोटं बोललीस, मी गप्प राहिले," लुजैन म्हणाली. "आणि आत्याकडून फोन काढून घे असं तुला सांगू कशी? तिच्याशी बोलायला दुसरं आहे कोण?"

हाज्जा कपात चहा ओतत राहिल्या, आणि कप भरून बशीत सांडला तरी ओतत राहिल्या. उम्म सिनानचा राग त्या बशीत कुठंतरी विरघळला. या बाईनं ईदच्या दिवशी फोन नेला तो सुरेख होता म्हणून नव्हे. पोर निघून गेल्यापासून त्या घरात दुपारी कुणी जेवायला येत नव्हतं.

लुजैनला विश्रांती घ्यायला सांगून फोन ठेवल्यावर तिनं सगळं बोलून टाकलं. हिरवे चौकोन, रनीम, तोच फोन, बाळाची मान, नळाखालचं स्वप्न. हाज्जांनी ऐकून घेतलं.

"मग माग की," त्या म्हणाल्या.

"मागू कशी, हाज्जा?"

"ते बरोबर. मागितलास तर मी देणार नाही, आणि मरेपर्यंत सगळ्यांना सांगेन." त्यांनी ओढणीच्या टोकानं फोनची काच पुसली. "आणि दिला, तर माझं काय?"

"दर शुक्रवारी माझ्याकडे यायचं. जेवायला. दोघी मिळून बोलू."

"एवढ्या पायऱ्या चढून?"

"एवढ्या पायऱ्या चढून."

"मुलगी तुझी आणि गुडघे माझे," हाज्जा पुटपुटल्या. मग थाळीकडे बघत म्हणाल्या, "वाखाण."

"काय?"

"फोन वाखाण. नीट वाखाण, उपकार केल्यासारखं नको."

उम्म सिनाननं फोन वाखाणला. असा फोन सल्तमध्ये नाही, जॉर्डनमध्ये नाही. तिचं बोलणं संपत आलं तसा हाज्जांनी एक अख्खा मामूल उचलला, तिच्या तोंडात कोंबला आणि वर तळहात दाबून धरला.

"मुकद्दम," त्या म्हणाल्या.

उम्म सिनानची जीभ सवयीनं वळवळली, पण खजुरात आणि रव्यात रुतून बसली. डोळ्यांत पाणी आलं ते गुदमरल्यामुळे की कशामुळे, कळलं नाही. मामूल गिळून होईपर्यंत फोन तिच्या पिशवीत पडला होता.

दुकानात नवरा-बायको आणि हाज्जा अशी तिघंही गेली. हाज्जांना धास्ती होती की ही कंपनी आतली पोर पुसून टाकेल. रनीमनं त्यांना शेजारी बसवून एकेक फोटो नव्या फोनात जाताना दाखवला, तेव्हा कुठं त्यांनी विणलेली पिशवी परत घेतली. नवा फोन हातात देताना रनीम म्हणाली, मावशी, पुन्हा बांधिलकी, दोन वर्षं हा कुणालाही द्यायचा नाही. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अबू सिनाननं खिशातून किल्ली काढली आणि फोनच्या पाठीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांब ओरखडा ओढला. रनीमचा हात तोंडाकडे गेला. राहू दे, ही आमच्या घरची पद्धत आहे, असं उम्म सिनाननं तिला समजावलं.

बाळ त्याच आठवड्यात आलं. मुलगा. पुढच्या शुक्रवारी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. उम्म सिनाननं अबू सिनानची उशी मांडीवर घेतली आणि तिकडे डॉर्टमुंडला लुजैननं बाळ घेतलं. मीठ लावायचं नाही असं इथली दाई म्हणते, लुजैननं आधीच सांगून टाकलं. उम्म सिनाननं क्षणभर ओठ आवळले आणि म्हणाली, बरं, तेल तरी लाव. मग आई उशीला हळूहळू चोळायला लागली आणि लेक बाळाला. हाताची कड मानेखाली. तशी नाही, अंगठा कानाकडे. हां, आता पालथा घे, घाबरू नकोस, तो मोडत नाही. अबू सिनान उशीकडे इतक्या काळजीनं बघत होता, जणू त्यालाच बांधतायत. फडक्याचा एक कोपरा, दुसरा कोपरा, पायांखालून वर. लुजैनची गुंडाळी जरा ढिलीच झाली, पण बाळानं डोळे किलकिले केले आणि तोंडभर जांभई दिली.

उम्म सिनाननं उशी छातीशी धरली.

पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्या हाज्जा चष्मा सावरत काचेपाशी वाकल्या. "किती गोड आहे ग," त्या म्हणाल्या.

आईचीच लेक ती. गुंडाळलेलं बाळ दोन्ही हातांनी पुढे करून लुजैन म्हणाली, "मुकद्दम, आत्या."

अबू सिनानचा कप ओठाशी थांबला. बाळ हजारो मैलांवर आहे, काचेतून कुणी नेऊ शकत नाही, हे उम्म सिनानला कळत होतं, तरी तिनं उशी आणखी घट्ट आवळली. या बाईनं नको म्हटल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

हाज्जांनी बराच वेळ बाळाकडे बघून घेतलं.

"नको ग," त्या म्हणाल्या. "जिचा आहे तिलाच शोभतो."

मग त्यांनी साखरेच्या डब्यावरून फोन उचलला, उलटा करून पाठ बघितली, ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"फोन मात्र छान आहे हं," त्या म्हणाल्या.

उम्म सिनाननं थाळीतला सगळ्यात मोठा मामूल उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात घातला.